मंगळावरचं वजन

बिश्केकच्या विज्ञान केंद्रातल्या त्या काट्यावर उभं राहिलं, की मंगळावर आपलं वजन किती भरेल ते समोर उमटायचं. सातवीच्या पोरांची वजनं झाली आणि त्यांनी आपल्या बाईंना, बुरुल एजेंना, गळ घातली. हिवाळाभर अंथरुणाला खिळलेल्या आईच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस उरकून एजे त्याच आठवड्यात शाळेत परतल्या होत्या. आपल्यामुळे मुलांची सहल सुतकी व्हायला नको, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

त्या काट्यावर चढल्या. आकडा आला एकोणतीस.

“एजे, आमची मेंढी जड भरेल तुमच्यापेक्षा,” तिलेक म्हणाला. “मंगळावर मी तुम्हाला एका हातानं उचलीन.”

“आधी स्वतःचं दप्तर उचल,” ऐपेरी म्हणाली. सगळे हसले, एजेही हसल्या.

मग आकड्याकडे बघत म्हणाल्या, “एका हातानं नाही जमत रे. एक हात मानेखाली घालायचा, दुसरा गुडघ्यांखाली. आणि सावकाश उचलायचं, दुखतं.”

“तुम्ही काय मंगळावर होतात?”

“होते की,” एजे काट्यावरून उतरल्या. “अख्खा हिवाळा.”