हाताला लागणाऱ्या कडा

महिला मंडळाच्या बाईंनी शीलाच्या डब्यावरून बोट फिरवलं. डालड्याच्या रिकाम्या डब्यावर तिने जुनी कॅलेंडरं नि लग्नपत्रिका कातरून, खळीने चिकटवून बाळकुमची खाडी उभी केली होती.

“झकास गं! पण कडा हाताला लागतात. कागद आहे हे बोटाला कळताच कामा नये. जरा पॉलिशपेपर मार, प्रदर्शनात पहिला नंबर तुझाच.”

“राहू दे, बाई,” शीला हसली. तान्हं पोर घ्यावं तसा डबा कडेवर घेऊन ती घरी आली.

ओटीवर सासू बसली होती. डोळे गेल्यापासून आवडाबाईंची खाडीची वाट सुटली होती. शीलाने डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. सुरकुतलेली बोटं कागदाच्या कडेकडेने निघाली, हळूहळू, काठाकाठाने होडी जावी तशी.

“ही होरी... शीड फुगलंय, म्हंजे वारा हाय. आन हा बगला, एका पायावर.”

“आणि पाणी, आई? भरती की ओहोटी?”

बोट वर वर सरकत गेलं, थांबलं.

“भरती गो बाय! पानी पार दारान आलंय. तुला दिसत नाय?”