स्पष्ट भूमिका

"आमची भूमिका स्पष्ट आहे," असं तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर परराष्ट्रमंत्रीबाईंना आपली भूमिका नेमकी काय होती तेच आठवेना. टेबलापलीकडे शेजारी देशाचे म्हातारे परराष्ट्रमंत्री छताकडे बघत बसले होते. त्यांचीही भूमिका स्पष्टच होती. या स्पष्टपणापायी बाईंच्या देशाचे हद्द चुकलेले मासेमार त्यांच्या तुरुंगात वर्षभर सडत होते.

निघताना मासेमारांच्या बायका भेटल्या होत्या. "ताई, तुम्ही जाताय म्हणजे आणणारच," एक म्हणाली होती. आणि ताई इथं आपली कला दाखवत होत्या. इतकी वर्षं राजकारणात घालवून त्यांनी कमावलेली एकमेव कला, तोंड न उघडता जांभई द्यायची.

हे खातं मिळालं तेव्हा बाई हरखून गेल्या होत्या. नणंद तेवढी म्हणाली, "वहिनी, पंतप्रधानांना तुम्ही डोईजड झालात, म्हणून लांब धाडताहेत." नणंदेचं म्हणणं मनावर घ्यायची बाईंना सवय नव्हती. काल खुद्द पंतप्रधान गोड हसून म्हणाले, "नाही जमलं तरी तुम्हाला कोणी बोल लावणार नाही." निदान तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. तो आत्ता पडला, समोरचा चहा गार झाल्यावर.

बाईंनी फाइल मिटली आणि शेजारच्या दुभाषी मुलीकडे वळल्या. "त्यांना सांग, मी हात हलवत परत यावं म्हणूनच मला इथं पाठवलंय. मासेमार सुटले तर माझं नाव होईल, आणि ते आमच्या साहेबांना परवडणारं नाही."

मुलगी गडबडली. "मॅडम, हे... हेसुद्धा सांगू?"

"शब्द न् शब्द."

तिनं सांगितलं. म्हाताऱ्यांची नजर छतावरून खाली आली. ते बाईंकडे बघत राहिले, आणि मग असे हसत सुटले की त्यांना ठसका लागला. उत्तर त्यांनी बाईंच्याच भाषेत, मोडकंतोडकं दिलं.

"मला पण. त्याचसाठी."

दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या. सहीचा अधिकार दोघांकडेही होता. तो ते वापरतील असं मात्र कुणाच्याच मनात आलं नव्हतं. संध्याकाळच्या आत सह्या झाल्या.

त्याच महिन्यात मासेमार घरी गेले. पुढच्या महिन्यात दोन्ही मंत्रीही.