अक्षताची पसंती

“या पावणं, या! एकटंच आलासा?” अक्षताच्या वडिलांनी, धम्मपालनी दार उघडत विचारलं.

“व्हय. जोडीदार पेठ वडगावला गेलाय. म्हटलं, आपणच बघून घ्यावं.”

“बरं केलंसा. आदी पोहं खावा.”

स्वयंपाकघराच्या दाराआडून अक्षतानं पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, मान खाली. नेसरीचं स्थळ, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. बरा दिसत होता. पण बरे दिसणारे चौघे आधीही राजारामपुरीतल्या या फ्लॅटवर पोहे खाऊन गेले होते. कुणी तिची उंची विचारली, कुणी भाकरी येते का ते. एकानं तर ‘एमसीए सोडणार ना?’ म्हणून विचारलं. यालाही नाहीच म्हणायचं, असं ठरवून ती चहा घेऊन बाहेर आली.

त्यानं कप घेतला. “कॉम्प्युटर तुम्हीच वापरता का?”

अक्षता बघतच राहिली. “व्हय. पण लई हळू चालतोय. सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचाय, आणि कमांडची ती काळी खिडकी उघडली की एकेका ओळीला ताटकळत बसायला लागतंय. दुकानात सांगून सांगून दमले.”

“चला, बघू.”

आईनं धम्मपालना डोळ्यांनीच खुणावलं. बोलू द्या दोघांना.

“ह्यात नवीन काय घातलंय?” खुर्चीत बसत त्यानं विचारलं.

“कॉलेजच्या लॅबमधली सेटिंगची फाइल आणून टाकली होती.”

“तिथंच घोळ हाय की. त्यात लॅबच्या सर्व्हरचा पत्ता हाय. घरात सर्व्हर कुठला? कमांड दिली की विंडोज आधी त्याला हुडकत बसतंय, मग तुमचं काम.” त्यानं तो पत्ता खोडला, खिडकी बंद करून पुन्हा उघडली. “आता तुम्ही चालवा.”

तिनं एंटर दाबलं. बोट उचलायच्या आत उत्तर पडद्यावर! अक्षताला एकदम हलकं हलकं वाटलं. नुसत्या प्रोजेक्टमुळे नव्हे. चूक तिची होती, तरी हा माणूस हसला नव्हता. नीट समजावून बोलला होता.

ती आत आली तशी आईनं हळूच विचारलं, “काय गं?”

“पसंत हाय.”

आईनं डोळ्यांना पदर लावला आणि दारातूनच धम्मपालना मान हलवून दाखवली. त्यांचा चेहरा उजळला.

“पावणं, आमच्याकडनं होकार हाय बघा. तुमचं काय?”

“माझं काय, झालं की काम,” चपला घालत तो म्हणाला. “निघतो. मालक दुकानात वाट बघत असतील, अजून दोन घरचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे हायत.”