पूर्वेचं दार

माकणी धरणाच्या काठावर दोन कुटुंबांचे तंबू उभे राहिले आणि अर्पिताचा जीव टांगणीला लागला. "दारं पाण्याकडं कशाला? फिरवा की," ती नवऱ्याच्या मित्राला म्हणाली. "वहिनी, दार पूर्वेलाच पायजे. घर काय अन् तंबू काय!" राजशेखर हसला. "लई भेता बघा तुम्ही." नवराही हसला. दोघांचीही मुलं आपापल्या तंबूत झोपली होती. अर्पिताला बसवेना, ती पाण्याकाठी येरझारा घालत राहिली. ऊन उतरल्यावर नवऱ्यानं तंबूमागच्या चुलीवरून हाक मारली, "रणधीर, ऊठ, भजी झाली!" चार वर्षांचा रणधीर डोळे चोळत बाहेर आला. हाक मागून आली होती, पण तो दारातून सरळ पाण्याकडं निघाला. पाऊल पाण्यात पडायच्या आत अर्पितानं त्याला उचललं. राजशेखर दार फिरवायला स्वतःच्या तंबूच्या खुंट्या उपटू लागला. "वहिनी, आवाज नको. पोरगी अजून आत झोपलीय."