मिसरचे कांदे

“कांदा गोड लागतो म्हणून रडतोस?” दिनाबाई फोनवर कडाडल्या. “देवाच्या भूमीत जाऊन? लाज वाटते का रे?”

फोन शेजारच्या यमुनाबाईंचा. दर शुक्रवारी दुपारी तो वाजायचा आणि यमुनाबाई गडग्यावरून हाक मारायच्या, “ओ दिनाबाई, इस्रायल आलंय!” सगळ्या आळीला कळायचं.

दिनाबाईंचा एकुलता रूबेन वर्षापूर्वी दिमोनाला गेला होता. गाव वाळवंटातलं, नोकरी कारखान्यातली. रत्नागिरीतले बहुतेक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, केव्हाच तिकडे गेले होते. रूबेनने बॅग भरली, तेव्हा यमुनाबाई ओटीवरून म्हणाल्या होत्या, “कोकणातलं पोर भात-माशाशिवाय राहतंय होय! आंब्याला मोहर यायच्या आत परत येतो की नाही बघा.” दिनाबाईंना ते झोंबलं होतं. मोहर येऊन गेला, आंबेही संपले. रूबेन आला नाही, पण दर शुक्रवारी रडायचा मात्र चुकला नाही. इथला मासा बर्फातला. इथला पाव चपलेसारखा. इथे झाड म्हणून नाही गं आई.

“वेगळं काय सांगतोयस तू?” दिनाबाई म्हणाल्या. “तुझ्या वाडवडिलांनी हेच केलं.”

दिनाबाईंचे यजमान कीर्तन करायचे. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, फारो राजाच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात भटकले, ती चाळीस वर्षं ते एका बैठकीत उरकायचे, मध्ये चहा धरून. ते गेले आणि आख्यान दिनाबाईंकडे राहिलं. त्यातही त्यांनी एकच भाग जपला होता, कुरकुरीचा. देवाने समुद्र दुभंगून वाट दिली, आभाळातून मान्ना नावाचं आयतं अन्न वाढलं, आणि ही मंडळी तंबूच्या दारात बसून गळे काढतात. मिसरात मासे फुकट मिळत होते हो! काकड्या मिळत होत्या, कांदे, लसूण! पाठीवरचे रट्टे विसरले, फोडणी तेवढी आठवली.

“विश्वास नाही, दुसरं काय!” दिनाबाई म्हणाल्या. हे त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या, कारण झोपाळ्यावर यमुनाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. म्हणजे सूप मांडीवर होतं. यमुनाबाईंचा मुकुल पुण्याला असायचा आणि त्याला कधीच कशाची आठवण येत नसे, असं त्या मोठ्या अभिमानाने सांगत.

“आणि कांद्याचं म्हणशील तर यंदा इथेसुद्धा कांदा सोन्याच्या भावाने चाललाय. परत येऊन काय हुंगणारेस?”

“आई, कांद्याचं राहू दे,” रूबेन म्हणाला. परदेशचा फोन म्हणून तो ओरडूनच बोलायचा. झोपाळ्यापर्यंत ऐकू जायचं. “कारखान्यात मला कायम करतायत. रविवारी सही करायची. सोबत घर देतात. पण एकदा सही केली की मग मी इथलाच झालो.”

“मग कर की.”

“तू एकदा ये म्हण. नाही करत सही. आलो की स्टँडवर रिक्षा चालवीन, नाहीतर भजी तळीन. मला नाही होत गं इथे. तू नुसतं ये म्हण.”

झोपाळा थांबला.

दिनाबाईंनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. यमुनाबाई घाईघाईने म्हणाल्या, “बोला हो तुम्ही. माझं लक्ष नाहीये.” आणि सुपातल्या एकाच खड्याकडे बघत बसल्या.

“परत बोलवायला मी काय फारो आहे?” दिनाबाई म्हणाल्या.

रूबेन म्हणाला, “म्हणजे रत्नागिरी मिसर होय गं?”

“रडक्याला सगळं मिसरच. जा, सही कर. माझ्यापाशी भजी तळणारा मुलगा नको.”

“बरं,” रूबेन म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही, त्यामुळे ते एकट्या दिनाबाईंनाच ऐकू आलं. फोन बंद झाला. दिनाबाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला, मग नीट बसला का म्हणून दाबून पाहिला.

“काय म्हणाला?”

“करतो म्हणाला सही.”

यमुनाबाईंनी सूप खाली ठेवलं. “जिंकलात हो दिनाबाई. मी बोलले होते, ते माझं चुकलं. माझ्याच्याने नसतं झालं असं.”

हे वाक्य ऐकायला दिनाबाई वर्षभर थांबल्या होत्या. आता त्या चप्पल शोधत होत्या. चप्पल पायातच होती.

“विश्वास म्हणतात तो हा,” यमुनाबाईंना आता भरून आलं होतं. “आमच्याकडे कोणाला आहे एवढा? आता एक करायचं हं. रूबेन गेला त्या संध्याकाळी तुम्ही तुमच्या एलियाहू नबीला नवस बोललात ना, मलिदा घालीन म्हणून? मी गडग्यापलीकडेच होते, ऐकलं सगळं. देव पावला तुम्हाला. उशीर नका करू. पोहे मी देते, गूळ देते. नारळ काय, अंगणात पडलेत.”

“राहू द्या ते पोहे,” दिनाबाई पायरी उतरता उतरता म्हणाल्या. “तो परत यावा म्हणून बोलले होते.”