इटलीची फरशी

मुलाचं लग्न जमवायचं म्हणून आमच्या थोरल्या जाऊबाईंनी, झुमरादताईंनी, दिवाणखान्याची फरशी बदलायला काढली. बुखाऱ्यातली एकूण एक दुकानं त्यांनी मला तीन महिने पालथी घालायला लावली. संगमरवर म्हणे डाग धरतो, रिश्तान गावच्या कुंभारांच्या हातच्या निळ्या टाइल्स गावंढळ दिसतात आणि चिनी तर सगळ्या गल्लीनेच बसवलेल्या! शेवटी इटलीच्या पसंत पडल्या.

"एवढ्या पैशात परसातला संडास घरात आला असता," मोठे दीर पुटपुटले.

"मुलीकडचे घर बघायला येतात, संडास नाही!" जाऊबाई कडाडल्या.

मुलीच्या तिघी आत्या घर बघायला आल्या. चहा ओतून होईपर्यंत जाऊबाईंनी तीनदा इटलीचं नाव घेतलं. मग थोरली आत्या हळूच उठली आणि परसात, खड्ड्यावर दोन फळ्या टाकलेल्या खोपटात जाऊन आली. उंबऱ्याशी तिने चपला काढल्या, चकचकीत फरशीवर जपून पाऊल ठेवलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं,



"झुमरादताई, आमची पोर रोज सकाळी कुठं जाणार? इटलीला?"