लाल स्वेटर

“लाल काही दिसलं की हाक मारा,” एनोरा म्हणाली. “बाबांच्या अंगात लाल स्वेटर होता.”

“एवढ्या काळ्या दगडांत लाल काय, आंधळ्यालासुद्धा दिसेल,” वारो म्हणाला. “आधी हा मेला वारा डोळे तर उघडू दे!”

गोल्वेन काठी टेकत पुढे चालला होता.

दूर दक्षिण समुद्रातल्या केर्गेलेन बेटावर तिघं जण असल्याशिवाय कुणी संशोधन तळाबाहेर पडायचं नाही, असा नियम. म्हणून हे तिघं निघाले होते. एनोरा ही तांगीची मुलगी, म्हातारा गोल्वेन तांगीचा मित्र. वारो तळावरचा जनरेटर सांभाळायचा. तो रेयुनियन बेटावरच्या उन्हातला माणूस. थंडीला रोज शिव्या घालायचा आणि दर दोन वर्षांनी पुन्हा इथंच यायचा.

गोल्वेन आणि तांगीच्या तरुणपणी तिघांचा नियम नव्हता. ते दोघंच आंपेर हिमनदीवर गेले आणि गोल्वेन एकटाच परत आला. तांगी बर्फातल्या भेगेत कोसळला होता. गोल्वेननं वरून हाका मारल्या, खालून ओ आली नाही. एनोरा तेव्हा आईच्या पोटात होती.

परतलेल्या गोल्वेनच्या अंगात तांगीचा निळा स्वेटर होता, तांगीच्या बायकोनं, सोआझिगनं विणलेला. त्यात नवल काही नव्हतं. इथं दक्षिणेत जूनमध्ये ऐन हिवाळा; त्यातल्या सगळ्यात लहान दिवशी बेटावर सण असतो, एकमेकांना भेटी द्यायच्या. इथं दुकान कुठलं? मग अंगावरचीच एखादी वस्तू द्यायची, आणि मिळालेली वस्तू जहाज येईपर्यंत उतरवायची नाही, असा रिवाज. तो सण दोघांनी हिमनदीजवळच्या झोपडीत साजरा केला आणि स्वेटर बदलले. गोल्वेनच्या आईनं विणलेला लाल स्वेटर तांगीबरोबर बर्फात गेला.

मायदेशी आल्यावर निळा परत करायला गोल्वेन सोआझिगच्या दारात उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, “राहू दे तुझ्याच अंगात. त्यानं प्रेमानं दिलाय तुला.”

तेव्हापासून एनोराच्या प्रत्येक वाढदिवसाला गोल्वेन तो स्वेटर घालून यायचा. चुकून घातला नाही तर सोआझिग विचारायचीच. कोपरांवर आता रफू होतं. एनोराला सायकल शिकवली ती गोल्वेननं, लग्नात तिचा हात धरून चर्चमध्ये नेलं तेही गोल्वेननं. बाप म्हटलं की तिला आधी तो निळा स्वेटर आठवायचा.

दर तीन-चार वर्षांनी गोल्वेन हिमनदी मोजायला बेटावर यायचा. रंगवलेल्या दगडापासून बर्फ किती मागं सरला ते बघायचा आणि तोंड पाडून परतायचा. “आणखी मागं गेली,” एवढंच म्हणायचा आणि त्या दिवशी जेवायचा नाही. एका बर्फासाठी माणसाचा केवढा जीव तुटतो, असं तळावरचे लोक म्हणायचे.

गेल्या वर्षी सोआझिग वारली. जाताना म्हणाली, “त्याला माझ्याशेजारी आणून ठेव गं.” बर्फ मागं सरतोय, तर बाबा कधी ना कधी बाहेर येणार. एनोरानं हट्टच धरला.

“झोपलाय तो शांत. कशाला उठवतेस, पोरी?” गोल्वेन म्हणाला होता.

“तुम्हाला सोसवणार नाही, काका. तुम्ही राहा. मी दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जाते.”

“नको, नको. मी येतो,” तो घाईघाईनं म्हणाला होता.

दुपारी ते एका मोठ्या खडकाच्या आडोशाला जेवायला बसले. वारोनं सॉसेज-भात गरम केला आणि वर घरची मिरची ओतली. “खा, काका. ही मिरची खाल्ली की हिमनदी आणखी कोसभर मागं पळेल!”

“तेवढंच बाकी राहिलंय,” गोल्वेन पुटपुटला.

एनोरा कुडकुडत होती. तिनं दोन्ही हात काखेत खुपसले आणि अंग आवळून घेतलं. गोल्वेन तिच्याकडे बघतच राहिला.

“हुबेहूब तुझा बाप! थंडी वाजली की अगदी असाच बसायचा. खुडूक कोंबडी म्हणायचो मी त्याला.” तो हसला, पण त्याचे डोळे भरून आले.

“काका, शेवटी त्यांना थंडी वाजली असेल का हो?”

“नाही गं. पडला तसाच गेला. कळलंसुद्धा नसेल त्याला.”

“माहीत आहे. तरी तुमच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं.”

गोल्वेननं ताटली खाली ठेवली. भात तसाच राहिला.

बर्फाच्या कडेशी पोचल्यावर त्यानं काठीनं दाखवलं. “भेग त्या डाव्या अंगाला होती. तुम्ही दोघं तिकडं शोधा. उजवीकडं नुसता चिखल आहे, तिकडचं मी बघतो.”

एनोरानं डावी बाजू पिंजून काढली. लाल धागासुद्धा दिसला नाही. वारो लघवीला म्हणून खडकामागून उजवीकडं गेला आणि बराच वेळ आला नाही.

मग त्याची हाक आली. “बाई! इकडं या! पण… लाल नाहीये हो!”

एनोरा धावत सुटली. वाटेत गोल्वेन काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता.

“जाऊ नकोस, पोरी,” तो म्हणाला. ती थांबली नाही.

पाझरणाऱ्या बर्फातून एक माणूस अर्धा बाहेर आला होता, कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेला. पट्ट्यावर तांगीचं नाव कोरलेलं होतं. पातळ जाकीट फाटलं होतं. आत स्वेटर नव्हता, लाल नाही की कुठलाच नाही. गळ्यापर्यंत बटणं लावलेला नुसता सुती सदरा होता, आणि दोन्ही हात काखेत घट्ट खुपसलेले होते.